बाईंनाही सांगायचा नाही असा शब्द

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तो सुरतेहून. गावातला एक माणूस तिकडे कापडाच्या धंद्यात होता, त्याने आपल्या ऑफिसातला जुना संच शाळेला दिला. धुळ्यापासून तासाभरावरचं गाव, पहिली ते चौथीची शाळा. कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेली मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं.

चौथीच्या मुलांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. धुळ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडून मी मराठी अक्षरांची फ्लॉपी आणली आणि प्रत्येक बटणावर कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर क, म, त लिहिलं. मुलं एका बोटाने अक्षर शोधत, सापडलं की ओरडत.

कोर्समधल्या सरांनी आम्हाला बजावलं होतं, की पुढे हे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेने जगाला जोडले जातील, तेव्हा मुलांना आधीपासून सवय लावा. मी लावली. अनोळखी माणसाला नाव-गाव सांगायचं नाही. कोणी गोड बोलून काही विचारलं तर मोठ्यांना सांगायचं. आणि प्रत्येकाने आपल्या फाईलीला एक गुपित शब्द द्यायचा.

"आईला सांगायचा का?" एकाने विचारलं.

"आईलाही नाही."

"आणि तुम्हाला?"

"बाईंनाही नाही," मी म्हटलं. सगळे हसले. पडद्यावर अक्षरांच्या जागी फुल्या उमटताना पाहून तर त्यांना फारच मजा वाटली.

एक मुलगी मात्र हसली नाही. नऊ वर्षांची, कपाशीवाल्या शेतकऱ्याची धाकटी. तिने ते अगदी मनावर घेतलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती थांबायची आणि अर्धा तास टकटक करत बसायची. शुद्धलेखन वाईट, पण लिहायची भरपूर. मी मागे उभी राहून कौतुकाने बघायची. एका बोटाने लिहिणाऱ्या मुलाचा गुपित शब्द मागे उभ्या माणसाला कळतोच. तिचा शब्द म्हणजे तिच्या शेळीचं नाव होतं.

एका शनिवारी ती गेल्यावर मी तो शब्द टाकला. का टाकला, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा वेगवेगळं दिलं आहे. खरं एवढंच, की ती काय लिहिते ते मला बघायचं होतं.

तिने ताईबद्दल लिहिलं होतं. ताई नववीत होती. दिवाळीनंतर तिला शाळेतून काढलं. चैत्रात तिचं लग्न करणार. ताई गोधडीत तोंड खुपसून रडते. ताईने सांगितलंय कोणाला सांगू नको, म्हणून मी फक्त इथे सांगते.

मी रविवारी त्यांच्या घरी गेले. आपण एक मुलगी वाचवायला निघालो आहोत, असं मला वाटत होतं. वडील ओट्यावर बसले होते, त्यांनी मान देऊन बसायला सांगितलं. आई दारात उभी राहिली. मोठी आत भाकरी थापत होती, आवाज येत होता.

मी म्हटलं, "भाऊ, मोठीला शिकू द्या. तिला लग्न नकोय. रोज रडते ती."

"कोनी सांगं तुमले?"

तिथे गप्प राहायला हवं होतं. पण मी म्हटलं, "धाकटीने लिहिलंय. कॉम्प्युटरवर. फार छान लिहिते हो ती."

आतला भाकरीचा आवाज थांबला.

"म्हंजे बठ्ठा गावले वाचता येस?"

"नाही नाही, ते कोणालाच दिसत नाही. तिचा गुपित शब्द असतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुमले कसं दिसनं?"

चहा आला, तो प्यायले आणि निघाले.

लग्न चैत्रावरून माघात ओढलं. धाकटी दोन दिवसांनी शाळेत आली. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"बाई, माझी फाईल तुम्ही उघडली?"

"हो."

ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने टेबलाची कड धरली. मग म्हणाली, "ती पुसायची कशी?"

मी तिला दाखवलं. बटण तिनेच दाबलं. पुसलेली फाईल आधी केराच्या टोपलीत जाते हे मी शिकवलं होतं, ते तिला आठवत होतं.

"टोपलीतून पण काढा."

काढली. त्यानंतर ती कॉम्प्युटरला शिवली नाही. तिची पाळी आली की शेजारणीला देऊन टाकायची. लग्नात पंगतीला पाणी वाढत होती, माझ्या ताटाशी आली तेव्हा तांब्या दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. पाचवीला तिला मामाच्या गावी ठेवलं. मग मला ती कधी दिसली नाही.

ताई दिसली. दोन वर्षांनी, धुळ्याच्या स्टँडवर, कडेवर बाळ. आपण होऊन पाया पडली. सासर बरं आहे म्हणाली. मी धाकटीचं विचारलं.

"माहीत नाही बाई. आमचं फार बोलणं नाही." बाळाचं टोपडं सारखं करत ती म्हणाली, "तिने तुम्हाला लिहून दाखवलं ना तेव्हा. मी लग्नापर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. एका गोधडीत झोपायचो आम्ही, पण पाठ करून."

मी म्हटलं, "तिने मला काही दाखवलं नव्हतं गं. मी चोरून वाचलं."

शिंदखेड्याची गाडी लागली होती, नवरा खिडकीतून हाका मारत होता.

"तेव्हा सांगायचं ना, बाई," ती म्हणाली आणि बाळाला सावरत गाडीत चढली.