फोनवरून शिकलेला साबण

रिक्षा दारात येऊन उभी राहिली, तरी माझी आई, अव्वा, माझी बॅग बंद करू देईना. शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या अंगणात, सगळ्या गल्लीदेखत, तिने बॅगेतली माझी एक नवी साडी बाहेर काढली आणि त्या जागी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या साबणाच्या वड्या कोंबल्या. १९९८ साल होतं. मी लग्न होऊन कॅनडात, कॅलगरीला निघाले होते. अप्पा म्हणाले, "अगं, तिकडं साबण मिळत न्हाय का?" अव्वा मान वर न करता म्हणाली, "मिळत असंल. माझा न्हाय मिळायचा."

अव्वा नेसरी गावची. लग्न होऊन कोल्हापुरात आली, तेव्हा तिला साबणातलं काही ठाऊक नव्हतं. अप्पांचं तेलाचं दुकान. डब्यांच्या तळाशी खोबरेल राही. गल्लीतल्या महिला मंडळाने एकदा साबण करायचा वर्ग घेतला, आणि बाकीच्या बाया दोन दिवसांत विसरल्या ते अव्वाने आयुष्यभर धरून ठेवलं. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, निवू द्यायचा, मग खोबरेलात ओतून रबडीसारखं दाट होईपर्यंत घोटायचं. शेवटी हळद किंवा कडुलिंबाचा वाटलेला पाला. वड्या माळ्यावर महिनाभर वाळायच्या आणि तोवर घरात कुणी हात लावायचा नाही. लहानपणी मला त्या ओबडधोबड वड्यांची लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की मी मोरीतली वडी उचलून दुकानातला गुलाबी साबण ठेवी.

कॅलगरीत मला म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नोकरी लागली. प्रत्येक खोलीत जाताना हात धुवायचे, बाहेर येताना धुवायचे. बाहेर उणे तीस, आत चोवीस तास हीटिंग, हवा अशी कोरडी की ओठ बोलताना फाटत. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्यातून रक्त येऊ लागलं. तिथली लोशन्स लावली, रबरी हातमोजे बदलून पाहिले. शेवटी बॅगेच्या तळातली अव्वाची वडी काढली आणि लंचबॉक्समध्ये घालून शिफ्टला नेऊ लागले. चिरा हळूहळू भरत आल्या. फोनवर सांगितलं तेव्हा अव्वा इतकी खूश झाली की फोनकार्डावरची निम्मी मिनिटं ती शेजारणीला हाक मारून ही बातमी सांगण्यातच गेली.

मग कुणी ना कुणी इकडे येणारा शोधून ती वड्या पाठवू लागली. एकदा मात्र गडहिंग्लजचे एक ओळखीचे येणार होते आणि ते रिकाम्या हाताने आले. मी फोन केला. अव्वा म्हणाली, "आता माझ्यानं होत न्हाय गं. तूच कर. मी सांगते तसं कर." मला वाईट वाटलं. आई थकली, किंवा मुलगी परक्या देशाची झाली म्हणून तिने हात काढून घेतला, असं काहीबाही मनात आलं.

पण शिकवायला ती पक्की होती. रविवारी सकाळी मी बेसमेंटमध्ये साहित्य मांडून फोन लावायची आणि ती तिकडून एकेक पायरी सांगायची. साबणापेक्षा दटावणीच जास्त. डोळ्याला चष्मा लावलास का? जवळ पाण्याची बादली भरून ठेवलीस का? पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. आणि भांडं स्टीलचंच घे, ॲल्युमिनियम घरातसुद्धा ठेवू नको. हे भांड्याचं ती दर वेळी सांगायची. मी हसायची, म्हणायची, अव्वा, इथं ॲल्युमिनियमचं पातेलं माझ्याकडे नाहीच. तरी पुढच्या रविवारी परत तेच.

आणखी एक गोष्ट तेव्हा खटकायची. माझी वहिनी, शैला, फोनवर येईनाशी झाली होती. माझ्या जाण्याआधी थोडेच दिवस ती लग्न होऊन घरात आली होती आणि आमचं छान जमलं होतं. आता फोन तिने उचलला की ती लगेच अव्वाकडे देई. मला वाटलं, संसारात रमली, नणंद आता कोण.

२००३ साली मी पहिल्यांदा घरी गेले, दोन वर्षांच्या लेकीला घेऊन. माझा भाऊ अण्णा मुंबईला घ्यायला आला होता. प्रवासभर तो फार बोलला नाही. दारात अव्वा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी ओतायला तांब्या वाकडा केला. पाणी माझ्या पायांवर पडलंच नाही. शेजारी ठेवलेल्या बॅगेवर पडलं. मी हसत वर पाहिलं. अव्वाचा डावा डोळा पांढरा होता. वाटीत दूध ओतावं तसा, अख्खा पांढरा.

त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. लेक खांद्यावर होती, ती कधी कुणी घेतली तेही आठवत नाही. अव्वाचं बोलणं तेवढं आठवतं. "व्हय, त्या डोळ्यानं दिसत न्हाय. दुसरा हाय की. आत तरी ये."

झालं होतं ते असं. ते गडहिंग्लजचे पाहुणे अचानक लवकर, महिन्याभरातच निघणार असं कळलं आणि अव्वाने घाईने माझ्यासाठी साबण करायला घेतला. स्टीलच्या पातेल्यात दूध होतं. तिने शैलाला दुसरं भांडं मागितलं, आणि शैलाने जे हाताला लागलं ते आणून दिलं. ते ॲल्युमिनियमचं होतं. बोलण्याच्या नादात अव्वाने पाहिलं नाही. सोड्याचं पाणी त्यात ओतलं तसं ते फसफसून उसळलं आणि थेट डोळ्यांत गेलं. शेजारणी तूप लावा म्हणत होत्या. शैलाने कुणाचं ऐकलं नाही, अव्वाचं डोकं नळाखाली धरलं आणि रिक्षा येईपर्यंत सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यामुळेच दुसरा डोळा वाचला.

आणि ह्यातलं अक्षरही मला कुणी कळवलं नव्हतं. मी बेसमेंटमध्ये हसत साबण घोटत होते, आणि माझी आई एका डोळ्याने फोनजवळ बसून मला चष्म्याची आठवण करत होती.

मी दोन दिवस धड जेवले नाही. अप्पा दुकानातून उशिरा येऊ लागले. शेवटी मी अव्वालाच विचारलं, सांगितलं का नाही. ती म्हणाली, "सांगून काय केलं असतंस? तिथं एकटी रडत बसली असतीस."

"बसले असते. पण मग मी ह्या घरची कोण?"

अव्वा पदराने दुसरा, चांगला डोळा पुसत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात शैला उभी होती. तीच पुढे आली आणि म्हणाली, "वन्सं, मीच सांगू नका म्हणाले सगळ्यास्नी. तुमचा आवाज ऐकला की मला फोन धरवत नव्हता." मी तिला जवळ घेतलं. इतकी वर्षं कुणी तिला बोल लावला नव्हता, आणि कुणी धीरही दिला नव्हता.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी अंगणात साबण केला. अपघातानंतर ह्या घरात तो पहिलाच. अव्वा पाटावर बसून सांगत होती, मी सोडा विरघळवला. शैला लांब, जिन्याजवळ. तेलात ओतून घोटायला लागल्यावर माझा हात भरून आला तेव्हा अव्वा म्हणाली, "शैला, ये, धर." ती आली. चष्मा लावला आणि दाट होईपर्यंत घोटलं, मध्ये कुणाच्या हातात दांडा दिला नाही.

मागे राहिलेल्यांनो, तुम्ही आम्हाला जपता हे कळतं. पण गोडच तेवढं सांगत राहिलात, की आम्ही पाहुणे होतो. आणि माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, आपणही फोनवर इकडचं सगळं बरं आहे असंच सांगतो. माझ्या हातातून रक्त येत होतं, हेही मी घरी बरं झाल्यावरच सांगितलं होतं.

दोन वर्षांनी एका दुपारी मी शिफ्टवर असताना मोबाइल वाजला. कोल्हापूरचा नंबर. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. शैला धापा टाकत बोलत होती. "वन्सं, अप्पा न्हाणीत पडले. मांडीचं हाड मोडलंय वाटतं. अजून दवाखान्यात पोचलो न्हाय, रिक्षातच हाय. तुमास्नी आधी सांगितलं." मागून अप्पांचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि अव्वा रिक्षावाल्याला खड्डे चुकव म्हणून ओरडत होती.

मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. सोबतच्या नर्सने विचारलं, घरून वाईट बातमी का? मी हो म्हटलं. मला रडू येत होतं, आणि त्यात फक्त दुःख नव्हतं. अप्पा पुढे काठी घेऊन हिंडू लागले, दुकानातही जाऊ लागले. पण त्या क्षणी ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना नव्हतं तसं मलाही नव्हतं. सात वर्षांनी पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर त्या रिक्षात होते.