पेंढीच्या आतला आकडा

पेणच्या आसपासच्या शेतांतून भाताचा पेंढा गोळा करायचा आणि रोह्याजवळच्या एका कारखान्यात कागदाच्या लगद्यासाठी पोचवायचा, हे काम मी आणि माझे यजमान सहा हंगाम करतो आहोत. खरेदी ते बघतात. टेम्पोबरोबर मी जाते, कारण काट्यावरचा आकडा स्वतः पाहिल्याशिवाय मी मानत नाही.

पेंढा आम्ही पहाटेच भरतो. उन्हात तो मोडतो, पेंढ्या निसटतात आणि दोर कितीही आवळला तरी नागोठण्यापर्यंत भार एका अंगाला कलतो. दवाने मऊ झालेली पेंढी नीट बसते. मात्र वरचा थर ओला राहतो.

गेल्या हंगामात कारखान्याच्या फाटकावर नवा तपासनीस आला. ओलावा मोजायची सळई त्याने वरच्याच पेंढीत खुपसली. आकडा आला अठरा. मर्यादा बाराची.

"बाई, वजन वाढवायला पाणी मारता काय?"

"दव आहे ते. आतली पेंढी मोजा."

"नियम वरच्या थराचा आहे. 'पाणी मारलेला माल' असं लिहितो, सही करा. कपात लावून उतरवून घेतो."

टेम्पोवाला माझ्या कानाशी आला. "वहिनी, करा ना सही. नाय तर मला इथंच पेंढ्यावर झोपायला लागंल, बैलासारखं."

"बैल निदान गप्प बसतो," मी म्हटलं.

कपात मी सोसली असती. पण सही केली असती तर ज्यांच्या शेतातला तो पेंढा, त्या सगळ्यांवर लबाडीचा शिक्का बसला असता. पुढच्या वर्षी त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहिले असते?

मी ताडपत्री काढायला लावली, दोर सोडवले. भाराच्या पोटात हात घालून एक पेंढी ओढली आणि तपासनिसाच्या टेबलावर ठेवली. मागे रांगेतला एक गाडीवाला बघायला आला. म्हणाला, "साहेब, मोजा की. पेंढी चावत नाय."

तपासनिसाने मोजली. अकरा.

"तरी नियम वरच्याचाच आहे."

"मग लिहा, की आतला माल कोरडा निघाला तरी मी तो ओलाच धरला. त्यावर तुम्ही सही करा."

त्याने सही केली नाही. मीही नाही. टेम्पो बाजूला उन्हात उभा केला. दुपारी वरचा थर वाळला, तेव्हा त्याने पुन्हा सळई खुपसली आणि फाटक उघडलं.

यंदाही आम्ही पहाटेच भरतो. फाटकावर पोचले, की त्याने विचारायच्या आधी मी मधली पेंढी त्याच्या टेबलावर ठेवते. त्याच्या कागदांवर काड्यांचा कचरा पडतो. पडू दे.