मस्य मत्स्यमंत्री गेले

"सुलभा, आपण ज्यांना मारलंय, त्यांचा फोन आला होता," मादाम ओदिल फोनवर म्हणाल्या. "रविवारच्या जेवणात मासे आहेत का, विचारत होते."

बुधवारी सकाळचे सव्वानऊ वाजले होते. आमचं ऑफिस डब्लिनमध्ये. आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. मी नुकताच मायक्रोवेव्हमधून चहा काढला होता. तो तसाच पुन्हा आत ठेवला आणि दार लावलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

आमची कंपनी सात माणसांची. क्लब, शाळा आणि संस्थांसाठी वार्षिक पुस्तिका काढणं हा धंदा. मी सीनियर एडिटर होते. म्हणजे छापायला जाण्याआधी शेवटची नजर माझी, आणि चूक निघाली की पहिली मानही माझी. मादाम ओदिल कोलंबसमधल्या एका फ्रेंच क्लबच्या अध्यक्ष. दर जानेवारीत आम्ही त्यांना फ्रान्सच्या सरत्या वर्षाची पुस्तिका करून द्यायचो. कुठलं सरकार पडलं, कोणी संप केला, सायकलची शर्यत कोणी जिंकली, असं सगळं त्यात असायचं. फ्रान्समध्ये सरकारं पडायला आणि लोक संपावर जायला निमित्त फारसं लागत नाही, त्यामुळे मजकुराची ददात कधीच नव्हती. शेवटचं पान मात्र गंभीर. काळी चौकट, वर 'निधन' हा मथळा, खाली वर्षभरात वारलेल्या नामवंतांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक छोटा क्रूस. छपाईच्या भाषेत त्याला डॅगर म्हणतात, म्हणजे खंजीर.

यंदा त्या पानावर नऊ नावं होती. चौथं मस्य कोर्नबूफ यांचं. फ्रेंचमध्ये 'मस्य' म्हणजे श्रीयुत, आणि या गृहस्थांकडे मासेमारीचं खातं होतं. मस्य मत्स्यमंत्री. या एका विनोदावर मी आणि भाग्यश्रीने अख्खं वर्ष काढलं होतं.

"त्यांची मुलगी इथे कोलंबसलाच असते," मादाम सांगत होत्या. "ते तिच्याकडे आलेत. मी त्यांना आपल्या वार्षिक जेवणाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. पुस्तिकेचं प्रकाशन त्यांच्याच हस्ते आहे. आणि आज खोकं उघडते, तर हे!"

"पण मादाम, प्रूफवर तुमची सही आहे."

"मी माझा फोटो बघून सही केली," मादाम म्हणाल्या. "फोटो चांगला आलाय."

तीस वर्षांच्या नोकरीत, स्वतःच्या फोटोपलीकडे प्रूफ वाचलेला क्लायंट मला भेटलेला नाही.

मी भाग्यश्रीच्या डेस्कपाशी गेले. भाग्यश्री नागपूरची, वय बेचाळीस, आमची रिसर्चर. दहावीला स्कोअरिंग विषय म्हणून तिने फ्रेंच घेतलं आणि तिला ते खरोखरच आवडून बसलं. मी त्याच कारणासाठी संस्कृत घेतलं होतं. मार्क मला तिच्यापेक्षा जास्त होते, पण ओहायोत त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. तर वर्षभर फ्रेंच बातम्या वाचून ती एका शीटमध्ये नोंदी करायची आणि मी त्यांची पानं करायचे. शीटमध्ये तीन कॉलम होते: कोण, काय झालं, बातमी कुठली. मधला कॉलम आम्ही इंग्रजी लिपीतल्या मराठीत लिहायचो. लवकर व्हायचं, आणि आमचा मालक ग्रेग याला कळायचं नाही.

"भाग्यश्री, मत्स्यमंत्री जिवंत आहेत."

"हो ना," ती म्हणाली. "मग?"

"मग तू 'gele' असं का लिहिलंस?"

"गेलेच ना ते! मंत्रिपद गेलं त्यांचं. सरकार पडलं, सगळेच घरी गेले."

"गेले म्हणजे वारले, भाग्यश्री!"

"ताई, वारलेल्यांपुढे मी 'varle' लिहिलंय. बघा तुम्ही."

मी बघितलं. सहा जणांपुढे स्वच्छ 'varle' होतं. तिघांपुढे 'gele'.

"मला वाटलं, मोठ्या माणसांसाठी तू जरा मानाने लिहिलंयस," मी म्हणाले.

"ताई, त्यातला एक जिराफ आहे."

"असेना. उंचीने मोठाच आहे."

तो जिराफ एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात गेला होता. तिसरे होते एक फुटबॉलचे कोच. ते जास्त पगारावर स्पेनला गेले होते. दोघांनाही मी काळ्या चौकटीत घालून पुढे खंजीर ठेवला होता. जिराफाला तर मी 'सर्वांचा लाडका' असंही म्हटलं होतं.

आता कबूल करते. आमच्याकडे नियम होता की मृत्यूची नोंद दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय छापायची नाही. 'varle' लिहिलेल्या सहाही जणांची खात्री मी केली होती. 'gele'वाल्यांची केली नाही. जो शब्द लहानपणापासून शेकडो वेळा ऐकला, त्याची खात्री कोण करतं? पुण्यात सकाळी फोन वाजायचा, आई "गेले का?" एवढंच विचारायची, आणि आम्ही शाळेचे कपडे काढून ठेवायचो.

चूक माझी होती, हे मला तिथेच कळलं. तरी ग्रेगच्या केबिनकडे जाताना माझ्या मनात वाक्य जुळत होतं, की रिसर्चमध्ये थोडी संदिग्धता होती. हा क्लब आमचा सगळ्यात मोठा क्लायंट. तो गेला, की कोणाला तरी घरी पाठवावं लागणार, आणि सगळ्यात शेवटी आलेली भाग्यश्री. तिच्या ग्रीन कार्डची फाइल आमच्याच कंपनीमार्फत लागलेली. नोकरी गेली असती, तर सहा वर्षांची वाट पाहणं मातीत.

ग्रेगने सगळं ऐकून घेतलं. "हूज मिस्टेक?" त्याने विचारलं.

भाग्यश्री दाराशी उभी होती. तिने शीटचा प्रिंट छातीशी धरला होता. माझ्या जुळवलेल्या वाक्याची मला इतकी लाज वाटली की कान तापले.

"माय मिस्टेक," मी म्हणाले. "तिने बरोबर लिहिलं होतं. मी चुकीचं वाचलं."

"किती जण जिवंत आहेत?"

"तीन. त्यातला एक जिराफ."

ग्रेगने डोळे मिटले. "रीप्रिंट होईल?"

"रविवारच्या आत नाही."

"मग पान फाडा."

"मागच्या बाजूला मादामचा फोटो आहे."

ग्रेगने फाडण्याचा विषय सोडला. मादामचा फोटो फाडणं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक होतं.

तोडगा भाग्यश्रीला सुचला. "ताई, डॅगर तळटीपेलाही वापरतात ना? एखाद्या शब्दापुढे खंजीर, आणि पानाच्या तळाशी खंजिराचा खुलासा?"

"वापरतात."

"मग खंजीर आहेत तसे राहू देत. त्यांना फक्त तळटीप देऊ."

म्हणजे दोन स्टिकर. एक वर, 'निधन' या मथळ्यावर. त्यावर लिहायचं: 'जे गेले'. दुसरा पानाच्या तळाशी: '† यंदा पद, गाव किंवा जग सोडून गेले.' त्यात मंत्री बसत होते, कोच बसत होते, जिराफही बसत होता. वारलेल्या सहा जणांची तर तक्रार असण्याचं कारणच नव्हतं.

मादामना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "माझ्या फोटोवर काही चिकटणार नाही ना?"

शुक्रवारी दुपारी खोकी परत आली. आम्ही सातही जणांनी कॉन्फरन्स रूममध्ये बसून चारशे प्रतींवर आठशे स्टिकर लावले. भाग्यश्रीने चिवडा आणला होता. त्यामुळे काही प्रतींवर हळदीचे ठसे उमटले. ग्रेगचे स्टिकर तिरके यायचे, पण मालकाला कोण बोलणार?

रविवारी दुपारी जेवणाला आम्हा दोघींनाही बोलावणं होतं. मेनूत तीन प्रकारचे मासे होते. भाग्यश्री शाकाहारी, ती पावाला लोणी लावत बसली. मस्य कोर्नबूफ सत्तरीचे, ठेंगणे, लालबुंद गालांचे गृहस्थ निघाले. त्यांनी फीत सोडली, टाळ्या झाल्या. मग ते नेमके आमच्याच टेबलावर येऊन बसले आणि त्यांनी पुस्तिका मागून उघडली. पेपर शेवटच्या पानापासून वाचणारी माणसं जगात सगळीकडे असतात.

त्यांनी पान वाचलं. स्वतःचं नाव वाचलं. मग बोट फिरवलं, आणि ते मथळ्यावर थांबलं. तो स्टिकर ग्रेगने लावलेला होता. एक कोपरा उचकटला होता. मंत्रिमहोदयांनी नखाने तो धरला आणि शांतपणे, मासा सोलावा तसा, अख्खा स्टिकर सोलला.

खालून 'निधन' बाहेर आलं. मादाम ओदिलच्या हातातला काटा ताटात पडला.

"मी वारलो?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी उभी राहिले. का उभी राहिले कोण जाणे, शाळेची सवय. "सर, चूक माझी आहे," मी म्हणाले. "आमच्या भाषेत एक शब्द आहे. माणूस ऑफिसातून निघाला तरी तोच, नोकरी गेली तरी तोच, आणि जगातून गेला तरी तोच."

"कुठला शब्द?"

भाग्यश्रीने पेपर नॅपकिनवर इंग्रजी अक्षरांत लिहून दाखवला: gele.

त्यांनी तो वाचला. खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या e वर एक तिरकी रेघ मारली. भाग्यश्री एकदम फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवून मला म्हणाली, "ताई, झले! फ्रेंचमध्ये झले म्हणजे गोठलेला. फ्रोझन!"

"मासेमारीच्या मंत्र्याला," मस्य कोर्नबूफ म्हणाले, "याहून योग्य शब्द नाही."

मग सगळं टेबल हसलं. मादाम सगळ्यात शेवटी हसल्या, पण सगळ्यात जास्त वेळ. हसणं ओसरल्यावर ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, सरकार पडलं, त्या दिवशी माझा फोन बंद पडला असं वाटून मी तो दुरुस्तीला नेला. फोन ठीक होता. कोणी करतच नव्हतं. पॅरिसमध्ये मी गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही निदान चौकट तरी दिलीत."

मी त्यांच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

जाताना त्यांनी ती सोललेली प्रत मागून घेतली, बायकोला दाखवायला. क्लबने पुढच्या वर्षीचं कामही आम्हालाच दिलं. ग्रेगने नवा नियम काढला: मृत्यूच्या कॉलममध्ये फक्त इंग्रजी. भाग्यश्रीची फाइल जिथे होती तिथेच सुखरूप राहिली, म्हणजे रांगेत.

मी शिकले ते इतकंच. परक्या भाषेतला शब्द माणूस चारदा तपासतो. आपल्या भाषेतल्या शब्दाला मात्र ओळखीचा आहे म्हणून आत सोडतो, आणि घात तोच करतो.

यंदा जूनमध्ये मी रिटायर झाले. ऑफिसने केक आणला, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड दिलं. कार्डावर मोठ्या अक्षरांत 'सुलभाताई' असं लिहिलं होतं, आणि नावापुढे एक छोटा खंजीर. मी चष्मा लावून तळाशी बघितलं. भाग्यश्रीच्या अक्षरात तळटीप होती.

'† घरी गेल्या. वारलेल्या नाहीत. दोन ठिकाणांहून खात्री केली आहे.'