आठ टॅपेट आणि एक कॅमशाफ्ट

चालती गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही हो! पण तीच गाडी अंगणात तीन-चार महिने बंद उभी राहू द्या, मग बघा. जाणारा-येणारा दोन शब्द टाकून जातो आणि किस्से साठत जातात. आमच्या भाऊ करंदीकरांच्या गाडीचे इतके साठलेत, की अजूनही चौघं जमलो की दुसरा विषय निघत नाही.

भाऊ कलकत्त्यात बालीगंजला राहायचे आणि कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर, बँकेतून बदलून आलेला. गाडी मुळात वहिनींच्या वडिलांची. वहिनी जन्मल्या कलकत्त्यात, वाढल्या कलकत्त्यात. वडील गेले आणि ही काळी विलायती गाडी तेवढी मागे राहिली. वहिनींचा तिच्यावर फार जीव!

एक दिवस इंजिनात टकटक सुरू झाली. भाऊंनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून अर्धा तास निदान केलं. एका कागदावर आकृतीही काढली. तेवढ्यात हराधन मिस्त्री फाटकातून आले. वहिनींच्या वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातची. हातातला चहाचा भांड, म्हणजे मातीचा पेला, खाली न ठेवता त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "कॅमशाफ्ट गेलाय. टॅपेटपण."

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे टॅपेटना, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या लोखंडी गुल्ल्यांना, वर ढकलतात आणि टॅपेट झडपा उघडतात. उंचवटे झिजले, की इंजिनाला श्वासच घेता येत नाही.

भाऊंनी आकृतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मी त्याच निष्कर्षाला येत होतो!"

*

घरमालक मात्र अडून बसले. "चालती गाडी ठेवा, मेलेली नको. अंगण माझं आहे!" शेवटी ठरलं, कालीपूजेच्या, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाच्या, सकाळपर्यंत गाडी चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाला येऊन ओढून नेणार. भाऊंनी शब्द दिला. त्या दिवसापासून वहिनी रोज सकाळी गाडी पुसायला लागल्या. बंद गाडी, पण रोज!

*

गाड्यांच्या सुट्या भागांचा मल्लिक बाजार चार रविवार पालथा घातल्यावर कॅमशाफ्ट मिळाला. भाऊंनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आम्ही दोघं निघालो ट्रामने. आता काळ कुठला, तर सत्तर-एकाहत्तरचा, नक्षलवाद्यांचा! गल्लोगल्ली बॉम्ब फुटत होते, जागोजागी झडती. त्यात हा चष्मेवाला प्रोफेसर हातभर लोखंड कागदात लपवून चाललेला. पोलिसांनी उतरवलंच आणि पुडक्याकडे बोट दाखवलं.

"एटा की?"

झालं! भाऊंना कुणी प्रश्न विचारला की ते उत्तर देतात, आणि पहिल्यापासून देतात. वीस मिनिटं त्यांनी फूटपाथवर कॅमशाफ्ट हातात फिरवून दाखवला. झडप कधी उघडते, कधी मिटते, उंचवटा झिजला की आवाज का येतो. मी बाजूला उभा, घामाघूम. आज लॉकअपमध्येच जेवण, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

सगळं ऐकून इन्स्पेक्टर भाऊंच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "मास्टरमोशाय, आमच्या व्हॅनलाही अस्साच आवाज येतो. जरा ऐकून जाता?"

*

नवे टॅपेट आणले. कुठला टॅपेट कुठल्या भोकात नीट सरकतो ते बघून मिस्त्रींनी त्यांना नंबर दिले आणि बजावलं, "तेलात बुडवून ठेवा. नंबर बदलायचा नाही!" भाऊंनी स्वयंपाकघर धुंडाळून आप्पेपात्र शोधून काढलं. एकेका खळग्यात एकेक टॅपेट काय सुरेख बसला! पण खळगे सात आणि टॅपेट आठ.

"आठवा कुठे ठेवू गं?"

वहिनी आप्पेपात्राकडे बघत होत्या. "ठेवा आता तुमच्या खिशात!"

भाऊंनी खरंच ठेवला! दुसऱ्या दिवशी कॉलेजात फळ्यावर समीकरण लिहायला गेले, तर काही केल्या उमटेना. वर्गाला म्हणाले, "आजकाल खडू फार निकृष्ट येतात." पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, तो खडू नाहीये."

*

सगळं सामान हाताशी आलं आणि आली विश्वकर्मा पूजा. मिस्त्री सकाळी आले ते झेंडूच्या माळा घेऊन. सगळे पाने, हातोड्या ओळीने मांडल्या, शेंदूर लावला. भाऊंनी सवयीने एक पाना उचलला, तर मिस्त्री केवढ्याने ओरडले! आज हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आकाशात पतंग, खाली आम्ही हात बांधून.

पुढे दुर्गापूजेला मिस्त्री गावी गेले. भाऊ खूश. सुट्टीत थोडं आपणच उरकू! नवमीच्या सकाळी बघतात तर पेटी रिकामी. वहिनींनी खंडेनवमीची पूजा मांडली होती. पाने, हातोड्या, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं चौरंगावर, आणि मधोमध कॅमशाफ्ट! त्याला हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडू.

"अगं, महिन्यापूर्वीच तर झाली यांची पूजा!"

"ती त्यांची. ही आपली."

मिस्त्री परत आले. चकचकीत दांड्यावरचं हळदकुंकू बघून त्यांनी कपाळाला हात लावला. या दांड्यावर धुळीचा कण चालत नाही! दिवसभर रॉकेलने धुतला. संध्याकाळी तेलाच्या बारीक भोकातून टाचणीने एक तांदळाचा दाणा काढला आणि वहिनींच्या तळहातावर ठेवला.

"दिदि, दोन देवांनी आशीर्वाद दिला. पुरे झालं. आता तिसऱ्याला बोलावू नका."

*

कॅमशाफ्ट बसला आणि मिस्त्री तापाने पडले. उरली टायमिंग चेन. दोन चाकांवरच्या दोन खुणा समोरासमोर आणून चेन चढवायची. भाऊ म्हणाले, यात काय आहे! एक दात चुकला, बस. हँडल मारल्याबरोबर जो काय बार उडाला! सायलेन्सरमधून ठो!

क्षणात अख्खी गल्ली बंद. खिडक्या मिटल्या, मिठाईवाल्याने शटर ओढलं. अंगणात फक्त भाऊ, मी आणि धूर. तेव्हा वहिनी रस्त्यावर जाऊन ओरडल्या, "भय नेइ! आमादेर गाडी!"

एकेक खिडकी उघडली. समोरचे आजोबा कौतुकाने म्हणाले, "वा, म्हणजे सुधारतेय!"

खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मलाही वाटलं, होईल ही चालू.

*

कालीपूजेची सकाळ. भंगारवाला दोरखंड घेऊन फाटकात हजर. मिस्त्री अंगात ताप घेऊन आले होते. चेन त्यांनी नीट बसवली आणि सगळ्यांना बजावलं, "नवा कॅमशाफ्ट आहे. इंजिन चालू झालं की वीस मिनिटं जोरात पळवायचं. मधे मंदावलं तर उंचवटे खरवडून निघतील. मग मला बोलावू नका, याला बोलवा," आणि दोरखंडवाल्याकडे बोट दाखवलं.

मिस्त्री इंजिनावर, भाऊ रेडिएटरवर बादली घेऊन, मी हँडलवर. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय द्यायला उरल्या वहिनी. त्या पदर खोचून बसल्या.

तिसऱ्या हँडलला इंजिन गरजलं! टकटक नाही, खरखर नाही. वीस मिनिटं वहिनींचा पाय तसूभर हलला नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. भाऊ घड्याळ बघत होते. मिस्त्रींनी कान लावला, बॉनेट मिटलं आणि म्हणाले, "झालं, दिदि. बंद करा."

वहिनींनी बंद केलं नाही. क्लच दाबला, गिअर टाकला, एक हॉर्न दिला आणि गाडी फाटकाबाहेर! भंगारवाला उडी मारून बाजूला झाला. भाऊ बादली घेऊनच मागे पळाले, कोपऱ्यापर्यंत.

पंधरा मिनिटांनी गाडी आली. वहिनींनी ती वळवली आणि त्या चिंचोळ्या फाटकातून रिव्हर्समध्ये, कुठे न घासता, सरळ आत आणली. भंगारवाल्याने मुकाट्याने दोरखंड खांद्यावर टाकला.

भाऊंच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. धापा टाकत म्हणाले, "अगं, तुला गाडी येते?"

वहिनींनी हात मागे घालून दार उघडलं.

"बसा. मागे बसा. पुढे हराधनदा बसतील."