क्लोरो

अन्याय आमेलियावर झाला. एप्रिलमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा चाळीसला. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

ती मोझांबिकमध्ये, पूर ओसरलेल्या एका गावात, कॉलऱ्याच्या तंबूत नर्स. मी जर्मनीत, कार्ल्सरूहेत विद्यार्थिनी. एका छोट्या मदतसंस्थेसाठी पत्रकं बनवते. भुताखेतांचे, अमानवीय वगैरे अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे.

पत्रकावर मी ठळक अक्षरात पोर्तुगीजमध्ये टाकलं होतं — पाण्यात क्लोरो घाला. क्लोरो म्हणजे क्लोरीन. नमुना बघताच आमेलियाचा फोन.

"तो शब्द काढ. इथे क्लोरो आणि कोलेरा सारखंच ऐकू येतं. म्हणतील, आम्हीच विहिरीत रोग टाकतोय. 'पाण्याचं औषध' लिही."

मी संस्थेच्या सुजाताताईंना सांगितलं. त्या इथे पंचवीस वर्षं, बोलण्यात जर्मन मिसळतं.

"आल्झो, म्हणजे बघ, छापून झालंय गं. एका शब्दाने कोण मरतंय?"

मोर्च्यात घसा फोडणारी मी, ऑफिसात गप्प बसले. गठ्ठे गेले.

त्या मंगळवारी ऑफिसातून आमचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिच्या मागे तंबूचं कापड फाटलं. दांडकी घेतलेली माणसं आत घुसली... एकाच्या मुठीत माझं पत्रक. तिने डावा हात डोक्यावर धरला आणि स्क्रीन काळी झाली.

आणि माझ्या डाव्या हातावर दांडकं बसलं. एक. दोन. तीन. मी खुर्चीसकट खाली. आवाज ताईंनीही ऐकला.

"अगं, काय पडलं?"

त्या दारात होत्या. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. हातावर तीन आडवे वळ, काळेनिळे.

संध्याकाळी तिच्या सहकाऱ्याचा मेसेज आला. तंबू जाळला. सलाईन लावलेली एक बाई पळू शकली नाही, तिथेच गेली. आमेलियाचा डावा हात तीन ठिकाणी मोडलाय.

माझ्या एक्स-रेमध्ये काहीच नाही. डॉक्टरने दोनदा विचारलं, घरी कोणी मारतं का. वळ गेले, पण हात अजून खांद्याच्या वर उचलला जात नाही. का, ते मला माहीत नाही. मनाचे खेळ म्हणा... मी वाद घालणार नाही.

पण त्याच पत्रकांचे उरलेले अकरा गठ्ठे केलरमध्ये, तळघरात पडलेत. पुढच्या आठवड्यात आमेलियाच्या शेजारच्या गावी जाणार. ताई म्हणतात, "दंगा पत्रकामुळेच झाला, याला पुरावा काय?"

कार्ल्सरूहेत असाल तर शनिवारी सकाळी दहाला या. ते गठ्ठे रद्दीत टाकायचेत, हात लावा. माझा एकच चालतो.