दर्ग्यामागचं बंद कपाट

मरोळच्या एका दर्ग्यामागे जुनी लायब्ररी आहे. कोकणातून आलेल्या एका जहाजवाल्याने आपली फारसी हस्तलिखितं इथे ठेवली आणि त्यातून लायब्ररी वाढत गेली. तिचा इतिहास लिहायचा म्हणून मी जायचे, तेव्हा लायब्ररी सांभाळणारे चाचा दारातच उभे असायचे. बोलताना ते सारखी हस्तलिखितांच्या कपाटाची, कमरेला लावलेली चावी चाचपत.

"बाकी काहीपण बघा, ताई. हस्तलिखितं नको, फोटो तर नकोच. एकदा बाहेर गेलं की आपलं राहत नाही."

"आणि वाळवी लागली तर?" मी चिडून विचारायचे.

"मी आहे ना!"

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "लगेच या." मी रिक्षाने धावत गेले. कपाट सताड उघडं होतं. भिंतीतून वाळवी शिरली होती. चाचांच्या हातातल्या ग्रंथाची चामड्याची बांधणी शाबूत होती, आत नुसती माती.

"दुसरा तुम्ही उघडा," ते म्हणाले. "माझा हात धजत नाही."

मी तो उघडला. अर्धी पानं शिल्लक होती. मी मोबाईल काढला आणि त्यांच्याकडे पाहिलं. चाचांनी खिडकी उघडली, पहिलं पान दोन्ही हातांनी अलगद धरलं आणि विचारलं, "उजेड पुरतोय ना?"