‘ऑपरेटरची गरज’ हा रकाना

आमच्या ऑफिसात तिला सगळे हॅलोताई म्हणायचे. कंपनी पाण्याच्या पंपाचे सुटे भाग विकायची. मुख्य ऑफिस एक, शाखा सहा. दर सोमवारी साडेनऊला साहेब सहाही शाखांशी एकदम बोलायचे आणि ते बोलणं जुळवून देणं हे हॅलोताईचं काम. जिन्याखाली अरुंद खोली, टेबलावर बटणांचं जुनं यंत्र, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले नंबर. एकेका शाखेला फोन लावायची, “ठेवू नका हं” म्हणायची आणि पुढच्या शाखेकडे वळायची. सहावी येईपर्यंत पहिली लाइनवर टिकली म्हणजे मिळवली.

मी शेजारी, खरेदी विभागात कारकून. मधली भिंत पातळ होती.

“पंखा बंद करा हो,” ती एका मॅनेजरना दर सोमवारी सांगायची. “तुमचा आवाज चक्कीतून दळून येतोय.”

“ताई, पंखा बंद केला तर मीच बंद पडेन.”

“पडा खुशाल. आधी विक्रीचा आकडा सांगा.”

हे ती अजिबात न हसता म्हणायची.

तेवीस वर्षं झाली तरी ती कायम झालेली नव्हती. दर मार्चला नवा कागद यायचा, सही व्हायची, एक वर्ष पुढे. नवरा कधीच गेलेला. मुलगी नर्सिंगला, तिची दोन वर्षं बाकी.

त्या वर्षी साहेबांनी ठरवलं की यापुढे बैठका व्हिडिओवर. तीन कंपन्यांची सेवा एकेक आठवडा वापरून बघायची आणि एक निवडायची. आम्ही त्यांना अ, ब, क म्हणायचो. गुण ताईने द्यायचे, कारण कान तिचा. तक्ता मी करायचा, कारण माझं अक्षर बरं.

“ऑपरेटर लागत नसेल तर उत्तमच,” साहेब तिच्यासमोरच म्हणाले. “तुमचं काय ते मग बघू, ताई.”

आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ शिपायालाही माहीत होता. ताई “बरं साहेब” म्हणाली आणि चाचणीच्या तारखा लिहून घ्यायला लागली.

‘अ’ दुसऱ्याच दिवशी बाद झाली. साहेबांचा चेहरा उघड्या तोंडानिशी पडद्यावर अडकून बसला आणि कुठल्याशा शाखेतून आवाज आला, “साहेब, जांभई झाली की सांगा.”

‘ब’मध्ये प्रत्येक शाखेला कुणीतरी आत घ्यावं लागे, आणि लाइन तुटली की पुन्हा घ्यावं लागे. तुटायची बऱ्याचदा. ताई दिवसभर तेच करत बसायची.

‘क’मध्ये शाखेवाले स्वतःच बटण दाबून येऊन बसले. सहा चेहरे एकदम दिसले. तेवीस वर्षं ज्यांचे आवाज ऐकले, ते लोक ताई पहिल्यांदा बघत होती. पंख्यावाले मॅनेजर किडकिडीत निघाले.

“अगं बाई, एवढुसा माणूस!” ती म्हणाली.

“ताई, तुमचा माइक चालू आहे,” ते म्हणाले.

त्या दिवशी तेवढंच हसणं झालं.

शनिवारी तिने गुण सांगितले, मी तक्ता भरला. पाच रकाने, दर रकान्याला दहा गुण: आवाज, चित्र, लाइन टिकणे, वापरायला सोपी, ऑपरेटरची गरज. ‘ब’ला एकूण चाळीस आले, ‘क’ला सदतीस. मी बेरीज दोनदा तपासली आणि ‘ब’ची शिफारस लिहिली. मला वाटलं, चला, काम संपलं.

ताईने कागद हातात घेतला आणि एकेका रकान्यावरून बोट फिरवत गेली.

“दादा, दार लावा जरा.”

मी लावलं.

“आधी ‘लाइन तुटणे’ असा रकाना होता, तो तुम्ही ‘लाइन टिकणे’ करून घेतलंत. म्हणजे जास्त गुण तर जास्त चांगलं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग ‘ऑपरेटरची गरज’ तशीच कशी राहिली? ‘ब’ला माणूस लागतो म्हणून नऊ गुण, आणि ‘क’ला लागत नाही म्हणून एक. उलटं झालं ना हे? सुलटं केलं तर ‘ब’ला बत्तीस, ‘क’ला पंचेचाळीस.”

मी बघितलं. खरंच उलटं होतं.

“माझ्यासाठी केलंत ना?” तिने हळूच विचारलं.

खरं म्हणजे ती निव्वळ चूक होती. रकाना उलटवायचा राहून गेला होता. तिचा विचार माझ्या डोक्यात आलासुद्धा नव्हता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली.

“खोडा ते,” ती म्हणाली.

“साहेबांच्या लक्षात नाही यायचं. ते फक्त खालची बेरीज बघतात.”

“सोमवारी लाइन तुटेल तेव्हा येईल. दर सोमवारी तुटेल आणि खापर फुटेल माझ्यावर. आणि आवाजाला गुण मी दिलेत, दादा. कान माझा आहे.”

“मुलीची दोन वर्षं...”

“ते मला माहीत आहे.”

मी नवा तक्ता लिहिला. ती समोर बसून होती. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली.

पुढे दोन महिने ताईने सगळ्या शाखांना ‘क’ शिकवली. माइक कसा बंद करायचा, तोंड उजेडाकडे कसं ठेवायचं. मार्चमध्ये तिचा कागद आला नाही. शेवटच्या दिवशी साहेबांची व्हिडिओवर बैठक होती, म्हणून निरोप आम्हीच चार-पाच जणांनी फाटकाशी दिला.

“या ऑफिसात माझ्यासाठी तक्त्यातले गुण फिरवायला निघाला तो एकटा दादा,” ती सगळ्यांना म्हणाली. “मीच नको म्हटलं.”

लोक माझ्याकडे बघायला लागले. एकाने पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

नंतर तिला एका दवाखान्यात खिडकीवर नंबर द्यायचं काम मिळालं. पगार कमी, उभं राहायचं जास्त. मुलीचं शिक्षण एक वर्ष थांबलं, मग पूर्ण झालं. मीही निवृत्त झालो. वर्षाकाठी तिचा एक फोन येतो. तब्येत विचारते आणि ठेवताना म्हणते, “तुम्ही केलंत तेवढं कुणी करत नाही, दादा.”

“बरं, बरं,” मी म्हणतो आणि फोन ठेवतो.